चूकभूल द्यावी घ्यावी

(इतवारी, नागपूर येथे एका स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे दरवर्षी जमता त्यांच्याविषयी मी चार शब्दही बोलू नयेत, अशी ताकीद व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आधीच देऊन ठेवली आहे. तशी त्यांची स्वतःचीच इच्छा होती म्हणे. आणि हयातीत स्तुतीला कंटाळलेल्या माणसाने आपल्या पश्चातही तिच्यापासून बचाव होण्याची तजवीज करून ठेवावी, यात त्यांचे निम्मे चरित्र आले. तेव्हा त्यांना मनोमन नमस्कार करून मी विषयाकडेच वळतो.

'ख्रिस्ती श्रद्धेचे नित्य आचरण' हा विषय पत्रिकेत छापलेला पाहिला आणि मी थोडा घाबरलो. मी ईश्वरविद्येचा पंडित नव्हे. पस्तीस वर्षे शाळामास्तर होतो, आणि त्याआधी याच बाजारातल्या एका मुनिमाचा मुलगा होतो; आज जे सांगणार आहे त्यातले बहुतेक या दुसऱ्या नात्यानेच माझ्याकडे आलेले आहे. ज्यांना तत्त्वचर्चेची अपेक्षा असेल त्यांची निराशा होईल. त्यांनी उदार मनाने मला क्षमा करावी, म्हणजे विषयाचा आरंभ त्यांच्यापासूनच होईल.

बाकीचा महाराष्ट्र ज्या दिवसाला रविवार म्हणतो त्याला आपण इतवार म्हणतो. आदित्यवाराचा आइतवार झाला, आइतवाराचा इतवार झाला. मंगळवारी, शुक्रवारी, इतवारी अशी बाजाराच्या वारांची नावे आपल्या वस्त्यांना देणारे हे शहर आहे. बाजार हलतो, रोजचा होतो, घाऊक होतो, पण नाव वाराचेच राहते. आता योगायोग असा की, ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेचा वारही इतवारच. त्यामुळे माझ्या वडिलांच्या आयुष्यात इतवार दोन होते. एक सात दिवसांतून एकदा येई. त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून, आम्हा भावंडांना पुढे घालून देवळात जात, गाणी गात, पाळकांचे प्रवचन ऐकत. दुसरी ही इतवारी, उरलेल्या सहा दिवसांची. तिथे ते एका अडत्याच्या गादीवर मांडी घालून, पुढ्यात उतरते मेज आणि मेजावर रोजकीर्द घेऊन, सकाळी नऊपासून दिवेलागणीच्याही पुढे बसत. पहिल्या इतवारात श्रद्धा सांभाळणे फारसे अवघड नाही. सगळे वातावरणच तिला आधार देत असते. हमालाने पोते पावसात उतरवले आहे, कुळाने तिसऱ्यांदा वायदा मोडला आहे, आणि मालकाचा पारा चढला आहे, अशा सोमवारी दुपारी ती श्रद्धा कोठे असते? माझा आजचा प्रश्न एवढाच आहे.

आणि त्याचे उत्तर, मला वाटते, या बाजाराच्याच एका जुन्या रिवाजात सापडते. हिशेबाची चिठ्ठी लिहून झाली, बेरीज झाली, की तिच्या तळाशी चार अक्षरे लिहायची: चू. भू. द्या. घ्या. चूकभूल द्यावी घ्यावी. आपण ती इतक्यांदा पाहिली आहेत की ती आता आपल्याला दिसतच नाहीत. पण क्षणभर पाहा. चिठ्ठी लिहिणारा, अजून कोणी त्याच्यावर बोट ठेवलेले नसताना, आपणहून कबूल करतो की माझ्या हातून चूक झाली असू शकेल. ती तुझ्या बाजूची निघाली तर मी देईन, माझ्या बाजूची निघाली तर तू दे. आणि या कबुलीनंतरही आपला व्यवहार चालू राहील. 'द्यावी' आणि 'घ्यावी' ही दोन्ही क्रियापदे एकाच चिठ्ठीत आहेत. नुसते 'घ्यावी' म्हणणारा सावकार होतो. आणि नुसते 'द्यावी' म्हणणारा? तो संत होईल कदाचित, पण बाजारात महिनाभरही टिकणार नाही.

येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, ती मत्तयाच्या शुभवर्तमानात जशी आहे, तिच्या मराठी भाषांतरात आपल्याला जे सोडायचे आणि देवाकडून जे सुटायचे त्याला शब्द आहे 'ऋण'. पाप नाही, अपराध नाही, ऋण. लहानपणी मला याचे फार नवल वाटे, कारण तो वडिलांच्या धंद्यातला शब्द होता. मोठेपणी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आपण ज्याला सर्रास 'माफी' म्हणतो तो शब्दही महसुलाच्याच दप्तरात वाढलेला आहे. आपल्या मध्यप्रांतात मालगुजारीच्या काळी मुआफीदार असत. ज्या जमिनीचा सारा सरकारने सोडला ती मुआफी. म्हणजे एकीकडे शास्त्रातले ऋण, दुसरीकडे दप्तरातली माफी, आणि दोहोंचा अर्थ एकच: वसूल करण्याचा हक्क शाबूत असताना तो सोडून देणे. ज्याचे काही येणेच नाही त्याने माफी कसली द्यायची? ज्याला खरोखर ठेच लागली आहे त्यालाच हा अधिकार आहे.

याच मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एक दृष्टांत आहे. तो आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल, पण आकड्यांनिशी कोणी सांगितला नसेल. राजाने हिशेबाला बोलावलेल्या एका चाकराकडे १०,००० तालांत निघतात. तालांत म्हणजे ६,००० दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. मागे बसलेल्या व्यापारीबंधूंनी गुणाकार करून पाहावा. सहा कोटी दिवसांची मजुरी होते. एका मजुराने एकही सुटी न घेता दीड लाखाहून अधिक वर्षे राबावे तेव्हा हे कर्ज फिटेल. चाकर पाया पडतो. आणि मागतो काय? माफी मागत नाही, मागतो मुदत. थांबा, सगळे फेडीन, म्हणतो. दीड लाख वर्षांची मुदत! राजा मुदत देत नाही, कर्जच सोडून देतो. तोच चाकर बाहेर पडतो आणि १०० दीनार देणे असलेल्या सोबत्याची मानगूट धरतो. सोबतीही अगदी त्याच शब्दांत मुदत मागतो. त्याला मात्र तुरुंग मिळतो.

या कथेवरच्या प्रवचनांत १०० दीनारांना नेहमी 'क्षुल्लक रक्कम' म्हटले जाते. मला ते पटत नाही. १०० दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, तीन महिन्यांवरचा पगार. तो बुडाला तर घरातली चूल थंड होते. येशूने आकडा विचारपूर्वक निवडला आहे. आपल्याला लोकांनी दिलेली दुःखे क्षुल्लक आहेत, असे तो कोठेही म्हणत नाही. ती खरी आहेत, मोजण्याजोगी आहेत, वहीत मांडण्याजोगी आहेत. फक्त आपल्या स्वतःच्या खात्यावर नावे पडलेला आकडा एकदा पाहून ये, आणि मग मानगूट धर, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

आता घरची गोष्ट सांगतो. व्याख्यानात घरच्या गोष्टी सांगू नयेत असा संकेत आहे. तो मी आज मोडतो.

१९५९ ची दिवाळी तोंडावर आली होती. वडिलांच्या गल्ल्यात ८५ रुपये कमी भरले. त्यांच्या महिन्याच्या पगारात आणि या रकमेत पाच रुपयांचे अंतर होते, म्हणजे आपण समजून घ्याल. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. दुपारचा डबा घेऊन गेलो होतो. गादीवर शेठजी, खाली दोन कुळे, दारात हमाल, तागड्याजवळ मापारी. शेठजींचा आवाज एरवीही मोठाच. त्या दिवशी तो पलीकडल्या दुकानात ऐकू गेला असेल. ते म्हणाले, "इतवारी हात जोडते, अन् सोमवारी तेच हात गल्ल्यात घालते!" हमाल हसले. त्यांचा काही दोष नव्हता, वाक्य हसू येण्यासारखेच जमले होते. वडिलांनी माझ्या हातून डबा घेतला, शेजारी ठेवला, आणि पुढची नोंद लिहायला घेतली. ती रक्कम दरमहा दहा रुपये याप्रमाणे पगारातून कापली जाऊ लागली.

पुढल्या उन्हाळ्यात खतावणी रोजकिर्दीशी ताडून पाहताना चूक सापडली. एका कुळाची ८५ रुपयांची जमा दोनदा मांडलेली होती. एकदा चिठ्ठीवरून, वडिलांच्या हातची, आणि दुसऱ्यांदा तोंडी सांगण्यावरून, शेठजींच्या स्वतःच्या हातची. रोकड कमी नव्हतीच; वहीच ८५ रुपयांनी फुगली होती. वडिलांनी ती पाने दिवसभर कोणाला दाखवली नाहीत. रात्री दुकान वाढवल्यावर, हमाल गेल्यावर, कंदिलाजवळ नेऊन शेठजींना दाखवली. शेठजींनी पाहिले, "बरं" म्हणाले, आणि कापलेले पैसे मोजून हातावर ठेवले. एक शब्द त्याहून अधिक नाही. तेव्हाही नाही आणि नंतर कधीही नाही.

घरी हे कळल्यावर मी संतापलो. लोकांसमोर का नाही दाखवले, असे मी वडिलांना विचारले. ते म्हणाले, "दुरुस्ती लाल शाईनं करायची असते बाबू, बोंब मारून नाही."

दुरुस्ती कशी करतात, हे आज संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या पिढीला सांगावे लागेल. वहीत खाडाखोड चालत नाही. चुकलेली रक्कम खरवडायची नाही, तिच्यावर शाई सांडायची नाही, पान तर मुळीच फाडायचे नाही. चुकीच्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा आकडा, आणि खाली आपली सही. चूक झाली होती हे वहीला कायम आठवते. ती फक्त बेरजेत धरली जात नाही. क्षमा म्हणजे विस्मरण असे जे लोक सांगतात, त्यांनी कधी वही लिहिलेली नसावी, असे मला नेहमी वाटत आले आहे. ज्याने पान फाडले त्याने क्षमा केली नाही, पुरावा नष्ट केला.

मराठी वाङ्मयात अशी एक रेघ मारलेली वही आहे, आणि तिचा काही भाग आपल्या शहराशी बांधलेला आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयी मी बोलतो आहे. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९१ मध्ये नागपुरास आले ते आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने, धर्मग्रंथांच्या कामासाठी. तेव्हा ते रेव्हरंड नव्हते; चांगले वेदशास्त्रप्रेमी, कवी, आणि अत्यंत तापट ब्राह्मण गृहस्थ होते. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला निघाले असता आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या मनुष्याने त्यांना 'नवा करार' दिला. डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन ते थांबले, आणि पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. राजनांदगावची गाडी आजही आपल्या इतवारी स्थानकावरून जाते. तिचा कर्णा ऐकताना मला कधीकधी तो डबा आठवतो. काय वाचून टिळक हलले? चमत्कार वाचून नव्हे, पुनरुत्थानाची कथा वाचून नव्हे. शत्रूवर प्रीती करा, दुसरा गाल पुढे करा, वेदीपाशी अर्पण ठेवूनच आधी भावाशी समेट करून या, या अगदी रोजच्या, अगदी अशक्य आज्ञा वाचून.

पण टिळकांचा बाप्तिस्मा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला कसा आला? अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, सोवळ्याओवळ्याच्या कडेकोट घरातली ही बाई. तिच्या पायाखालची जमीन एका दिवसात सरकली. नवरा जिवंत आणि संसार बुडालेला. वियोगाची कित्येक वर्षे तिने काढली, आणि १९०० मध्ये, पुष्कळ विचारान्ती, आपल्या पायांनी चालत ती त्याच विश्वासात आली. पुढे १९३४ मध्ये 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला तेव्हा टिळक जाऊन पंधरा वर्षे झाली होती. मनात आणले असते तर पतीचे एक सोज्ज्वळ, धूपदीप लावलेले चरित्र तिला लिहिता आले असते. तिने ते लिहिले नाही. टिळकांचा संताप, त्यांचे न सांगता घरातून निघून जाणे, पैशाच्या बाबतीतला त्यांचा बालिशपणा, सारे तिने मांडले आहे. एकही आकडा खरवडलेला नाही. आणि तरीही ते पुस्तक मिटताना वाचकाच्या मनात टिळकांविषयी प्रेमच शिल्लक राहते, ते का? प्रत्येक आकड्यावर तिने आपल्या हसण्याची एक सरळ रेघ मारलेली आहे म्हणून. प्रवचन नाही, 'मी क्षमा केली' असा उच्चार नाही, स्वतःच्या सोशिकपणाची जाहिरात तर कोठेच नाही. मराठीत क्षमेवर लिहिलेले याहून मोठे पुस्तक मला ठाऊक नाही. आणि त्यात क्षमा हा शब्द शोधत बसण्याची गरज पडत नाही.

आपण म्हणाल, नवराबायकोतले हे. परक्याने, वैऱ्याने केले तर? होळकरांच्या इंदुराजवळ, उदयनगरच्या बाजूला, सिस्टर राणी मारिया नावाच्या जोगिणीची फेब्रुवारी १९९५ मध्ये बसमधून उतरवून हत्या झाली. गरिबांना सावकारीच्या विळख्यातून सोडवण्याचे तिचे काम काहींना खुपत होते. २००२ मध्ये तिची सख्खी बहीण, तीही जोगीणच, तुरुंगात गेली आणि त्या मारेकऱ्याच्या मनगटाला तिने राखी बांधली. २०१७ मध्ये इंदुरात राणी मारियांना धन्य घोषित करण्यात आले. मला या हकिकतीत त्या मोठ्या सोहळ्यापेक्षा तो दोरा मोलाचा वाटतो. बहिणीने रोमहून काही मागवले नाही. या मातीत वैर संपवायला जे साधन आयाबायांच्या हाताशी आहे तेच उचलले. मी हे करू शकलो असतो का? नाही. ज्याला ८५ रुपयांचा हिशेब सुटत नाही त्याने राखीच्या गोष्टी जपूनच सांगाव्यात. असो.

क्षमेनंतर दुसरा मुद्दा वाणीचा. इतवारीत गोड बोलण्याची वाण नाही. "या भाऊ, बसा भाऊ, पाणी आण रे भाऊंना," हे इथे सूर्योदयापासून चालते. पण गोड बोलून गळा कापणे हा वाक्प्रचारही आपल्याच भाषेतला आहे, तेव्हा गोडीचा आणि सौजन्याचा घोटाळा करू नये. याकोबाच्या पत्रात जिभेला एवढ्याशा सुकाणूची आणि रान पेटवणाऱ्या ठिणगीची उपमा दिली आहे. सुकाणू दिसत नाही, गलबत वळलेले दिसते. त्या दिवशीच्या शेठजींच्या वाक्याने माझे गलबत किती वर्षे वळलेले राहिले, ते पुढे सांगतो.

वडिलांचे तगाद्याचे पत्र मला आठवते. बाकी थकली की कुळाला पोस्टकार्ड टाकायचे, हा तेव्हा सगळ्या पेढ्यांचा शिरस्ता होता; स्वस्त पडे. वडील कार्ड टाकत नसत, पाकिटातून पत्र पाठवीत, आणि पेढी कार्डाचेच पैसे देई म्हणून वरचे पैसे स्वतःच्या खिशातून भरत. आईची याबद्दल तक्रार असे, आणि ती रास्त होती. एकदा मी कारण विचारले. ते म्हणाले, "कार्ड पोस्टमन वाचते, मास्तर वाचते, चावडीवर चार लोक वाचते. मग ज्याचं आहे त्याच्या हाती पडते." मजकूर खणखणीत असे, बाकी अमुक, व्याज अमुक, अमुक तारखेपर्यंत भरावी. एकही मिळमिळीत शब्द नाही. फक्त पाकीट बंद. मधुर भाषणावर मी पुष्कळ ऐकले आहे, स्वतः मुलांना निबंधही लिहायला लावले आहेत. परंतु त्या डिंकाने चिकटवलेल्या पाकिटापुढे मला ते सगळे फिके वाटते.

याच ओघात एका मोठ्या माणसाचे नाव घेतले पाहिजे, कारण त्याच्या नावाचे महाविद्यालय या शहरात १८८३ पासून उभे आहे आणि त्याच्याविषयी तिथल्या विद्यार्थ्यांनाही फारसे माहीत नसते. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आला, भोसल्यांचे राज्य अजून नांदत होते तेव्हा. धर्मोपदेशक होता, भूगर्भशास्त्रज्ञही होता. आपल्या भागातले दगड आणि जीवाश्म त्याने जगाला दाखवले. पण माझ्या दृष्टीने त्याचे मोठेपण निराळे आहे. ज्यांच्या बोलीला या शहरातले शहाणे लोक बोली म्हणायलाही तयार नव्हते, त्या गोंडांजवळ बसून त्याने त्यांची लिंगोची गाथा त्यांच्याच शब्दांत टिपून घेतली. उपदेश करायला आलेला मनुष्य आधी ऐकायला बसला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटच्या बाजूने रात्री परतताना ओढ्याच्या पुरात तो बुडाला. कागद मागे राहिले आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने ते छापविले. सौजन्याने बोलण्याची पहिली पायरी गप्प बसणे ही आहे; ती मिशनऱ्यांना नेहमी साधली असे नाही, आणि आम्हा देशी ख्रिस्ती लोकांना तर वादविवादाची खोड फारच. हेही आज येथे कबूल केलेले बरे.

उरले औदार्य. त्यावर मी थोडकेच बोलेन, कारण दानधर्मावर बोलणाऱ्याच्या खिशाकडे लोकांचे लक्ष जाते.

लूकच्या शुभवर्तमानात देण्याविषयी जी उपमा आहे ती थेट धान्यबाजारातली आहे. चांगले माप कसे असते, तर दाबलेले, हालवलेले, वरून ओसंडणारे, पदरात ओतलेले. दशमान वजने सक्तीची होण्याआधी मी या बाजारात मापाऱ्याला पायली भरताना पाहिले आहे. त्या कलेत बेइमानीला किती वाव असतो! धान्य उंचावरून सैल सोडले तर पायली लवकर भरल्यासारखी दिसते. वरून फळी फिरवली की सपाट माप. तेच एकदा हालवले, तळव्याने दाबले, आणि वर शीग चढू दिली, तर त्याच पायलीत केवढा फरक पडतो. शीग म्हणजे ते वरचे टोक, जे मापात धरलेले नाही, ज्याची कोणी किंमत लावत नाही, आणि ज्यातले चार दाणे नेहमी खाली सांडतात. येशूने औदार्याची उपमा राजाच्या खजिन्यावरून घेतली नाही, या शिगेवरून घेतली.

टिळकांचे घर शिगेचे होते. आल्यागेल्याला, अनाथाला, कवीला तिथे जागा होती. बालकवी ठोंबरे नगरला त्याच घरात मुलासारखे राहिले. १९१७ मध्ये तर टिळकांनी मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. थोर गोष्ट आहे, यात संशय नाही. पण मी मुनिमाचा मुलगा. मला विचारावेसे वाटते, शीग कोणाच्या धान्याची? हात टिळकांचा आणि कणगी लक्ष्मीबाईंची. घरातल्या दुसऱ्याच्या पोटाला चिमटा बसवून केलेल्या दातृत्वाचे पुण्य नक्की कोणाच्या खाती जमा करावे, याचा निर्णय मी वरच्या हिशेबनिसावर सोपवतो. पाकिटांवरून माझ्या आईने काढलेले उद्गार मला येथे आठवतात.

पंडिता रमाबाईंचे तसे नव्हते. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील गमावलेली, स्वतः उपाशी वणवण हिंडलेली ही बाई १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्या मध्यप्रांतात आली, छावण्यांतून फिरली, आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना पुणे जिल्ह्यात केडगावी घेऊन गेली. पुण्यातल्या वृत्तपत्रांनी तिच्यावर किती आग पाखडली होती हे आपण वाचले असेल. इंग्लंडातल्या तिच्या धर्मभगिनींशीही तिचे खटके उडाले होते. तिने देताना स्वतःच्या भुकेचा हिशेब धरला, टीकेचा धरला नाही.

आता माझ्या गलबताचे सांगून संपवतो.

त्या दिवसानंतर मी शेठजींच्या दुकानावरून गेलो नाही. शाळेत जाताना, पुढे नोकरीवर जाताना, पुढे निवृत्त झाल्यावर भाजी आणायला जातानाही मी मागच्या बोळातून वळसा घालून जात असे. वडील त्या गादीवर आणखी चौदा वर्षे बसले. शेठजी वारले तेव्हा वडील खांदा द्यायला गेले. मी गेलो नाही. दर इतवारी मी देवळात ती ऋणाची प्रार्थना म्हणत आलो आहे, आणि दर सोमवारी बोळातून गेलो आहे. मंडळीतल्या कोणाला हे ठाऊक नव्हते. आज ठाऊक झाले.

आज सभागृहाकडे येताना ऑटोवाला मला विचारल्याशिवाय मुख्य रस्त्याने आला, आणि गर्दीत नेमका त्या दुकानापुढे अडकला. अडत कधीच गेली. आता तिथे किराणा आहे, साखर, सुकामेवा, मसाले. मी उतरलो. का उतरलो ते सांगता येत नाही. आत विशीतला एक मुलगा बसला होता. त्या घराण्याचा की परका, मी विचारले नाही. "या काका, काय देऊ?" म्हणाला. मला काही नको होते. मी पाव किलो खडीसाखर मागितली. त्याने काट्यावर पुडी ठेवली, आकडा बरोबर आला, आणि मग चिमूटभर आणखी टाकली. मी पैसे दिले, त्याने उरलेले परत दिले. पायरी उतरून मोजले तर दोन रुपये जास्त आले होते. मी परत वळलो आणि नाणे त्याच्यापुढे धरले.

"राहू द्या न काका," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.